काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा : दोन कुरवांच्या ओळखीचा इतिहास

(सदाशिव पेठेत झालेल्या जाहीर व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजच्या विषयाचं नाव वाचून काही जणांना जरा आश्चर्य वाटलं असेल. या व्याख्यानमालेत आपण बखरी ऐकल्या, शिलालेख ऐकले, पेशवाईतले हिशेब ऐकले. मग एकदम समुद्रपक्षी कुठून आले? आणि तेही सदाशिव पेठेत, जिथून समुद्र शंभर-सव्वाशे किलोमीटर लांब आहे! पण आजचा विषय इतिहासाचाच आहे. एखादी ओळख कशी ठरते, ती चुकते कशी, चूक किती वर्षं टिकते आणि दुरुस्त करायला कुठला पुरावा लागतो, याचा हा इतिहास आहे. त्यातली पात्रं दोन पक्षी आहेत, एवढंच.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करू.

आमची एक जुनी वही

आम्ही पुण्यातले काही हौशी पक्षीनिरीक्षक. हिवाळ्यात रविवारी पहाटे निघायचं, सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या अलीकडे कवडीपाटला जायचं, तिथल्या जुन्या दगडी बंधाऱ्यावर उभं राहून पक्षी मोजायचे, असा आमचा नेम. वर्षातून एक-दोनदा भिगवणला, उजनीच्या जलाशयावर. प्रत्येक वेळची नोंद वहीत. चक्रवाक इतके, शेकाटे इतके, थापट्या इतके. आणि एक ओळ नेहमी अशी : ‘कुरव – ४०’. कधी ‘कुरव – ६०’. कधी नुसतंच ‘कुरव – पुष्कळ’.

मध्यंतरी आमच्यातल्या एका तरुण मुलीने ती वही चाळली आणि विचारलं, “काका, यातले काळ्या डोक्याचे किती आणि तपकिरी डोक्याचे किती?” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. उत्तर नव्हतं. थंडीच्या दिवसांत दोघांचीही डोकी पांढरी असतात, त्यामुळे आम्ही तो प्रश्न स्वतःला कधी विचारलाच नव्हता. इतक्या वर्षांची नोंद, आणि ती कोणाची हे सांगता येत नाही. दप्तरात नुसतं ‘बाजीराव’ असावं आणि थोरला की दुसरा हे लिहिलेलंच नसावं, तशातली गत.

त्या दिवसापासून आम्ही या दोन पक्ष्यांच्या मागे लागलो. आज जे सांगणार आहोत ते त्यातून हाती आलेलं.

पेठेपासून भिगवणपर्यंत

आधी या पक्ष्यांचा आणि आपल्या पेठेचा संबंध सांगू. तो फार उदात्त नाही. पेठेतलं पाणी मुठेत जातं. मुठा संगमावर मुळेला मिळते. मुळा-मुठा कवडीपाटावरून पुढे जाऊन भीमेला मिळते, आणि भीमा उजनीच्या धरणात थांबते. म्हणजे आपण इथे जे नदीत सोडतो त्याच्या काठावरच कवडीपाटचे आणि भिगवणचे पक्षी जगतात. कुरव तर काहीही खाणारा पक्षी. मासे, किडे, मेलेलं जनावर, माणसाने टाकलेलं अन्न, त्याला सगळं चालतं. पुण्याच्या पाण्यातून काय वाहत येतं याची खबर आपल्यापेक्षा त्याला जास्त आहे.

‘समुद्रपक्षी’ हा शब्दही थोडा फसवा आहे. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचच्या मागे उडणारे कुरव आपण पाहतो, म्हणून ते समुद्राचे असं वाटतं. पण आज ज्या दोघांबद्दल बोलतोय, त्यांची घरटी प्रामुख्याने गोड्या पाण्याच्या दलदलीत आणि तळ्यांकाठी, किंवा उंच पठारांवरच्या सरोवरांत असतात. मोठं, उघडं पाणी मिळालं की त्यांना देशावरही बरं वाटतं. आणि तसं पाणी देशावर माणसाने उभं केलं. खडकवासल्याचं धरण एकोणिसाव्या शतकातलं. उजनीचं १९८०मध्ये पूर्ण झालं आणि भीमेच्या खोऱ्यात यशवंतसागर नावाचा एक छोटा समुद्रच तयार झाला.

नावं कोणी ठेवली?

आता नावांकडे येऊ. पहिला, काळ्या डोक्याचा कुरव. याला शास्त्रीय नाव दिलं कार्ल लिनियस या स्वीडनच्या निसर्गशास्त्रज्ञाने, १७६६ साली, त्याच्या ‘सिस्टेमा नॅचुरे’ या ग्रंथाच्या बाराव्या आवृत्तीत. नाव दिलं ‘रिडिबंडस’, म्हणजे हसणारा. त्याच्या ओरडण्यावरून. हा युरोपचा अगदी घरचा पक्षी. इंग्लंडपासून पार पूर्व आशियापर्यंत त्याचं प्रजनन होतं, आणि थंडीत त्यातले काही आपल्याकडे येतात.

दुसरा, तपकिरी डोक्याचा. याला शास्त्रात नाव मिळालं १८४० साली, म्हणजे लिनियसनंतर ७४ वर्षांनी, आणि ते मिळालं आपल्या बाजूला. थॉमस जर्डन हा मद्रासच्या लष्करी सेवेतला डॉक्टर. तो १८३६मध्ये हिंदुस्थानात आला. दक्षिण भारतातल्या पक्ष्यांची यादी त्याने मद्रासच्या एका नियतकालिकात क्रमाने छापली. तिच्यात हा पक्षी पहिल्यांदा वेगळा म्हणून आला, आणि त्याचं मूळ ठिकाण नोंदलं गेलं ते भारतीय द्वीपकल्पाचा पश्चिम किनारा. नाव ‘ब्रुनिसेफॅलस’, तपकिरी डोक्याचा. पक्षी सापडला आपल्या किनाऱ्यावर, पण त्याचं जन्मघर तिकडे हिमालयापलीकडे. लडाख, तिबेट, चिंगहाई, पामीर, या उंच पठारांवरची सरोवरं. लडाखमधलं त्सो मोरीरी घ्या, समुद्रसपाटीपासून साधारण साडेचार हजार मीटर. तिथे अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू काही महिन्यांत अलिबागच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटी बघतं!

देशावरच्या पक्ष्यांची यादी त्याही आधी झाली होती. कर्नल विल्यम सायक्स, मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी, १८२४पासून दख्खनची पाहणी करत होता. पिकं, लोकसंख्या, मासे, पक्षी, सगळं. त्याने दख्खनच्या दोनशेहून जास्त पक्ष्यांची यादी १८३२मध्ये लंडनला छापली. त्यात एका नदीसूरयाला त्याने ‘स्टर्ना सीना’ असं नाव दिलं, आपल्या नगर-सोलापूरकडच्या सीना नदीवरून. पण तो पक्षी थोडं आधी दुसऱ्याच नावाने नोंदला गेला होता, त्यामुळे शास्त्राच्या नियमाप्रमाणे सीनेचं नाव मागे पडलं. नावांच्या बाबतीत असं होतं. आधी कोण, याला महत्त्व. बरोबर कोण, हा प्रश्न वेगळा.

मुळातच घोळ

आणि आता खरी गंमत. विणीच्या हंगामात, म्हणजे उन्हाळ्यात, या दोघांच्या डोक्यावर टोपडं घातल्यासारखा गडद रंग येतो. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या डोक्याचा रंग कोणता? काळा? नाही. गडद चॉकलेटी! जवळून, चांगल्या उजेडात पाहिलं तर स्पष्ट तपकिरी. लांबून काळा दिसतो, म्हणून इंग्रजीत काळ्या डोक्याचा म्हटलं गेलं, आणि आपण मराठीत त्या इंग्रजी नावाचं भाषांतर केलं. म्हणजे युरोपातल्या लांबून पाहणाऱ्या माणसाची चूक आपण जशीच्या तशी मराठीत आणली.

तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकंही तपकिरीच. जरा फिकट, आणि मानेकडे जिथे रंग संपतो तिथे एक गडद कडा. म्हणजे दोघांचीही डोकी तपकिरी. जर्डनचं नाव वर्णन म्हणून बरोबर आहे. पण वेगळेपण सांगायला उपयोगाचं नाही, कारण दुसराही तसाच.

त्यात अजून एक अडचण. हे पक्षी आपल्याकडे साधारण कार्तिक-मार्गशीर्षात येतात आणि चैत्राच्या आसपास जातात. आपल्याकडे असताना बहुतेक काळ त्यांच्या डोक्यावर तो रंग नसतोच. डोकं पांढरं, आणि कानामागे एक काळसर ठिपका, हेडफोन लावल्यासारखा. दोघांनाही. म्हणजे ज्या खुणेवरून दोघांचीही नावं पडली, ती खूण आपल्या देशात बहुतेक वेळ दिसतच नाही, आणि दिसली तरी दोघांत सारखीच. फाल्गुनात भिगवणला गेलात तर थव्यात काही पांढरी डोकी, काही ठिपक्याठिपक्यांची, काही पूर्ण तपकिरी, असा सगळा मेळा दिसतो. आम्ही सुरुवातीला त्या तीन जाती समजलो होतो! ते एकाच पक्ष्याचे तीन टप्पे होते.

मग ओळखायचं कशावरून?

डोळा आणि पंख

दोन खुणा आहेत, आणि दोन्ही डोक्याच्या रंगाशी संबंधित नाहीत.

पहिली खूण डोळा. पूर्ण वाढलेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचं बुबुळ फिकट असतं, पांढुरकं-पिवळसर. त्यामुळे त्याची नजर जरा रागीट वाटते. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद. चेहरा कसा सौम्य, गरीब. जवळून एकदा हा फरक पाहिला की परत विसरत नाही. पण सावधान : तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या लहान, पहिल्या वर्षातल्या पक्ष्याचा डोळाही गडदच असतो. म्हणजे फिकट डोळा दिसला तर निकाल लागला. गडद दिसला तर निकाल लागला असं समजायचं नाही.

दुसरी खूण पंखाचं टोक, आणि ती उडताना बघायची. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड, टोकाकडे, पांढरीशुभ्र असते. एक लांब पांढरी पाचर, आणि अगदी टोकाला काळी किनार. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं पंखाचं टोक चांगलं रुंद काळं असतं, आणि प्रौढ पक्ष्याच्या त्या काळ्या भागात पांढरे ठिपके, काळ्या पाटीवर खडूने गोल काढावेत तसे. पक्षीनिरीक्षक त्यांना आरसे म्हणतात. लहान पक्ष्यात आरसे नसतात किंवा अस्पष्ट असतात, पण काळा रंग रुंद असतोच.

बाकीच्या खुणा मदतीच्या. तपकिरी डोक्याचा थोडा मोठा, ४१ ते ४५ सेंटिमीटर. काळ्या डोक्याचा ३७ ते ४३. पहिल्याची चोच जरा जाड. पण आकडे बघा, एकमेकांवर चढलेले आहेत. शेजारी शेजारी बसले असतील तर आकाराचा उपयोग. एकटा असेल तर नाही. लाल पाय, लाल चोच, करडी पाठ, हे दोघांचंही.

पेटीतला पक्षी आणि लेबलवरची ओळ

आता इतिहासाच्या अभ्यासकाला रस वाटेल अशी गोष्ट. एकोणिसाव्या शतकात पक्षी ओळखायचा म्हणजे आधी बंदुकीने मारायचा. दुर्बिणी फारशा उपयोगाच्या नव्हत्या. मारलेल्या पक्ष्याचं कातडं सोलून, आत कापूस भरून, सुकवून पेटीत ठेवायचं. संग्रहालयांमध्ये आजही असे लाखो नमुने आहेत. पण कातडं करताना डोळा काढून टाकावा लागतो. तिथे कापूस येतो. म्हणजे या दोन पक्ष्यांमधली सगळ्यात सोपी खूण संग्रहालयात पोहोचतच नाही!

जाणत्या संग्राहकांना हे माहीत होतं. म्हणून पक्षी ताजा असतानाच ते पायाला बांधलेल्या लेबलवर लिहीत : कुठे मिळाला, कधी, नर की मादी, आणि डोळ्याचा, चोचीचा, पायांचा रंग. कातडं राहील, पण ती ओळ नसेल तर डोळा गेला तो गेलाच. इथल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. १९१० साली सुरू झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आपल्या याच पेठेत आहे. राजवाडे गावोगाव फिरून दप्तरं का गोळा करत होते? कारण कागद गेला की साक्ष गेली, आणि मग उरलेल्यावरून अंदाजच करावे लागतात.

कागद जाण्याची एक गोष्ट पक्ष्यांच्याही इतिहासात आहे. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. आपल्याला तो काँग्रेसचा संस्थापक म्हणून माहीत. १८८५चं पहिलं अधिवेशन खरं तर पुण्यातच व्हायचं होतं. इथे कॉलऱ्याची साथ आली म्हणून ते मुंबईला गेलं. पण ह्यूमचं दुसरं आयुष्य पक्ष्यांचं होतं. देशभरातल्या निरीक्षकांशी पत्रव्यवहार, ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचं नियतकालिक, सिमल्याच्या घरात प्रचंड संग्रह. हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहायचा म्हणून पंचवीसएक वर्षं जमवलेली त्याची टिपणं घरातल्या एका नोकराने रद्दी म्हणून बाजारात विकली. ह्यूमने त्यानंतर हा नाद सोडला आणि १८८५मध्ये आपला सगळा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. कातडी आणि अंडी धरून ८० हजारांवर नमुने. कातडी वाचली, टिपणं गेली. राजवाड्यांच्या दप्तरांचीही हीच गोष्ट. जी वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला गेली, ती गेली.

भांडारकरमधला धडा

या दोन पक्ष्यांना तोलताना आम्हाला पुण्यातल्याच आणखी एका कामाची आठवण झाली. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. काम १९१९ला सुरू झालं आणि १९६६ला पूर्ण झालं. सुकथनकरांनी त्याची पद्धत घालून दिली. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंत शेकडो पोथ्या. सगळ्यांवर नाव एकच, ‘महाभारत’. मग कुठली पोथी कुठल्या घराण्यातली, हे ठरवायचं कसं? नावावरून नाही. सगळ्याच पोथ्यांत सारखा असलेला पाठ त्याबाबत काही सांगत नाही. जे वेगळे पाठ ठरावीक पोथ्यांत एकत्र येतात, ते सांगतात. म्हणजे साम्य मोजायचं नाही, अर्थपूर्ण साम्य मोजायचं.

पक्ष्यांमध्येही तेच. तपकिरी डोकं हा दोघांचा सामाईक पाठ. त्याने ते एका घराण्यातले आहेत एवढं कळतं. वेगळेपण डोळ्यात आणि पंखात आहे. आणि घराण्याचं म्हणाल तर, आधी हे दोघेही ‘लॅरस’ या मोठ्या प्रजातीत, इतर सगळ्या कुरवांबरोबर होते. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्या मोठ्या ग्रंथाचा तिसरा खंड १९६९चा. त्यातही ते ‘लॅरस’च आहेत. २००५मध्ये फ्रेंच संशोधकांच्या एका गटाने कुरवांच्या डीएनएचा अभ्यास छापला, आणि कळलं की ‘लॅरस’ हे एकसंध घराणं नाहीच. मग हे दोघे आणि त्यांचे आणखी काही भाऊबंद वेगळे काढले. त्यांच्यासाठी १८३६मध्येच सुचवलेलं एक जुनं नाव परत वापरात आलं : ‘क्रोइकोसेफॅलस’. अर्थ काय? रंगीत डोक्याचे. बघा, काळा नाही, तपकिरी नाही, नुसतं ‘रंगीत’. सगळ्यांत कमी दावा करणारं नावच शेवटी बरोबर ठरलं.

एक सुंदर वर्तुळ, जे नव्हतंच

कुरवांच्या इतिहासातली आणखी एक कथा सांगायलाच हवी, कारण तिच्यात हाच धडा मोठ्या प्रमाणावर आहे. आपण बोलतोय त्यापेक्षा मोठे, कावळ्या-घारीएवढे कुरव उत्तर ध्रुवाभोवती राहतात. १९४२मध्ये अर्न्स्ट मायर या जीवशास्त्रज्ञाने त्यांच्याबद्दल एक फार देखणी कल्पना ठळकपणे मांडली. ध्रुवाभोवती फिरत गेलं की शेजारचा कुरव शेजारच्याशी जुळतो, तो पुढच्याशी, तो त्याच्या पुढच्याशी. पण फेरी पूर्ण करून युरोपात परत आलं की दोन टोकं समोरासमोर येतात आणि ती मात्र दोन वेगळ्या जाती! एक जात तुटून दोन कशा होतात, हे एका वर्तुळात दिसतं. कित्येक पिढ्यांनी हे पाठ्यपुस्तकातलं उदाहरण म्हणून पाठ केलं.

२००४मध्ये लीबर्स, दे क्नाइफ आणि हेल्बिग यांनी या कुरवांचा डीएनए तपासला. वर्तुळ कुठेच पूर्ण होत नव्हतं. अमेरिकेतला कुरव युरोपातल्या ‘त्याच’ कुरवाचा जवळचा नातेवाईकच निघाला नाही. पूर्वज दोन वेगळ्या ठिकाणचे होते, एक अटलांटिककडचा आणि एक कॅस्पियन-अरलच्या बाजूचा. या मोठ्या कुरवांपैकी सायबेरियाच्या उत्तरेकडचा एक, ह्यूग्लिनचा कुरव, हिवाळ्यात आपल्या कोकण किनाऱ्यावर येतो. पुढच्या वेळी अलिबागला मोठा, गडद पाठीचा कुरव वाळूवर बसलेला दिसला तर लक्षात ठेवा, याच्या खानदानाने एक प्रसिद्ध सिद्धान्त मोडलाय.

मायर चुकला म्हणून त्याला हसायचं कारण नाही. त्याच्याकडे जो पुरावा होता त्यावर त्याने मांडणी केली. आपल्या इतिहासातही असंच होतं. देखणी गोष्ट असते, सगळ्या कड्या जुळतात, आणि एक नवा कागद येऊन मधली कडीच काढून घेतो.

मग फरक पडतो कशाने?

आता तुम्ही विचाराल, आणि रास्तच आहे, की हे दोघे वेगळे ओळखले काय आणि नाही काय, भिगवणच्या पाण्याला काय फरक पडतो?

पडतो तो असा. काळ्या डोक्याच्या कुरवाचं घर जवळजवळ सगळ्या युरेशियाभर पसरलंय. तपकिरी डोक्याच्याचं घर मध्य आशियाच्या उंच पठारांवरच्या सरोवरांपुरतं. दोघांवरची संकटं वेगळ्या ठिकाणी येतात. २००५च्या मे महिन्यात चीनमधल्या चिंगहाई सरोवरावर बर्ड फ्लूची मोठी साथ आली. सहा हजारांहून जास्त जंगली पक्षी मेले. त्यात पट्टकदंब हंस सर्वांत जास्त, आणि तपकिरी डोक्याचे कुरवही. २०२३मध्ये युरोपात बर्ड फ्लू आला, तेव्हा काळ्या डोक्याचे कुरव हजारोंनी मेले. समजा, यातल्या एकाची संख्या घटली आणि त्याच वर्षी दुसरे नेहमीपेक्षा जास्त आले. आमच्या वहीत काय लिहिलं गेलं असतं? ‘कुरव – ४०’. काहीच झालं नाही, असं आमच्या वहीने सांगितलं असतं.

हे आम्हाला सगळ्यांत जास्त लागलं. आम्ही खोटं लिहिलं नव्हतं. मोजणीही बरोबर होती. पण दोन वेगळ्या जिवांना एका शब्दाखाली घातल्यामुळे ती नोंद एका प्रश्नाचं उत्तर देण्याची ताकद गमावून बसली होती. आणि जुनी नोंद आता दुरुस्त करता येत नाही. अंदाजाने निम्मे-निम्मे वाटून टाकणं म्हणजे बनावट कागद तयार करणं. म्हणून आम्ही त्या पानांवर काहीच बदललं नाही. फक्त वहीच्या पहिल्या पानावर एक टीप लिहिली : ‘या वहीतील कुरव हा शब्द दोन्ही जातींसाठी वापरलेला आहे.’ आपली चूक पुढच्या वाचणाऱ्याला सांगून ठेवणं, एवढंच आपल्या हातात असतं.

आशियाई पाणपक्षी गणना १९८७पासून दर जानेवारीत होते. आता ई-बर्डसारख्या ठिकाणी कोणीही नोंद करू शकतो. तिथे एक सोय फार चांगली आहे. ओळखता आला नाही तर ‘काळ्या किंवा तपकिरी डोक्याचा कुरव’ असं लिहिता येतं. आम्हाला ही सोय फार प्रामाणिक वाटते. नुसतं ‘कुरव’ लिहिणं आणि ‘या दोघांपैकी एक, ठरवता आलं नाही’ असं लिहिणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात प्रश्न विचारलेलाच नाही. दुसऱ्यात विचारलाय, आणि उत्तर मिळालं नाही हे कबूल केलंय.

थोडी प्रश्नोत्तरं

वेळ संपत आलीय, पण तीन चिठ्ठ्या आल्यात, त्या घेतो.

पहिली : “मोबाइलवर फोटो काढून ओळखता येईल का?” येईल. बसलेल्या पक्ष्याचा फोटो काढाल तर डोळा स्पष्ट यायला हवा. पण त्याहून चांगलं म्हणजे उडताना चार-पाच फोटो लागोपाठ काढा. एकात तरी पंखाचं टोक नीट येतं. फोटोबरोबर तारीख आणि जागा लिहून ठेवा. नुसता फोटो म्हणजे लेबल नसलेलं कातडं.

दुसरी : “भिगवणला आणि मांडव्याच्या लाँचवर लोक शेव-फरसाण टाकतात. टाकावं का?” टाकू नये. पक्षी जवळ येतात, फोटो छान येतो, हे आम्हालाही समजतं. पण तेलकट, खारट खाणं हे त्यांचं अन्न नाही. आणि हे पक्षी लांबचा पल्ला मारून आलेले असतात, लांबचा पल्ला मारून परत जाणार असतात. पाहुण्याला काय मानवतं ते बघून वाढावं.

तिसरी चिठ्ठी जरा खोचक आहे, पेठेतलीच असणार. “काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं तपकिरी आहे, तर मराठीत नाव बदलत का नाही?” आम्हाला वाटतं, बदलू नये. नाव ही खूणगाठ असते. शनिवार पेठ काय फक्त शनिवारी असते? नाव राहू द्यावं, पण ते कसं पडलं ते माहीत असावं. नावावर विसंबून निकाल देऊ नये, एवढं पथ्य पाळलं की पुरे.

येत्या रविवारी आम्ही कवडीपाटला आहोत. सूर्य वर यायच्या आत पोहोचायचं, उजेड पाठीशी घ्यायचा. ज्यांना यायचंय त्यांनी दुर्बीण आणावी. नसली तर आमची आहे. आणि एक वही आणावी. तिच्यात आम्ही आता दोन रकाने आखतो. खरं तर तीन. तिसरा ‘ठरवता आलं नाही’चा. तो दर वेळी थोडा तरी भरतोच, आणि त्याची आम्हाला आता लाज वाटत नाही.